बार्तिमी सदन
१८९६-९७ व १९०० च्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंच्या केडगांव येथील मुक्ति मिशनमध्यें शेंकडों निराधार मुली आल्या. आश्रितांत अंध मुलीहि होत्या. त्यांच्या निवासास ‘बार्तिमी सदन’ असें नांव पडलें. बायबलांतील हा बार्तीमय यरीहोच्या वाटेवरचा आंधळा भिकारी. लोक त्याला दटावीत असतां येशूनें थांबून त्याचीच इच्छा विचारली. सदनांत ही कथा केवळ ऐकविण्यावर भागलें नाहीं. रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई यांनीं मुलींस ब्रेलचे उठावदार ठिपके बोटांनीं वाचावयास शिकविलें. रमाबाईंच्या धर्मांतराविषयीं कोणाचें मत कांहींहि असो. ऐकणारीला वाचणारी करणें, हें दयेपुढचें पाऊल होतें, हें नाकारतां येत नाहीं.