पुस्तकबांधणीच्या दुकानातील रसायनशास्त्र

विज्ञान सोपे करून सांगायचे म्हणजे त्यातील अवघड भाग गाळून टाकायचा, असा अनेकांचा समज असतो. शिक्षकांपुढे तर हा प्रश्न रोजच उभा राहतो. सोपे करताना नेमके काय राखायचे? लंडनमध्ये लिहिल्या गेलेल्या एका जुन्या पुस्तकाची हकीकत या बाबतीत उद्‌बोधक आहे.

१७९९ मध्ये लंडनला रॉयल इन्स्टिट्यूशन स्थापन झाली. पुढे तेथे हम्फ्री डेव्ही यांची रसायनशास्त्रावरील व्याख्याने ऐकण्यास गर्दी होऊ लागली. श्रोत्यांत जेन मार्सेट या बाईही असत. प्रयोग पाहताना त्यांना मौज वाटे, पण व्याख्यान इतक्या वेगाने पुढे जाई की मनात गोंधळच उरे. मग एका जाणकार स्नेह्याशी त्याच विषयावर गप्पा झाल्या, प्रयोग पुन्हा करून पाहिले आणि गोष्टी उलगडू लागल्या. त्यानंतर तीच व्याख्याने त्यांना सहज समजू लागली. यावरून त्यांनी एक अनुमान काढले : नवख्या माणसाला माहितीइतकीच शंका विचारायला जागाही हवी असते.

१८०५ च्या अखेरीस त्यांचे ‘कॉन्व्हर्सेशन्स ऑन केमिस्ट्री’ हे पुस्तक निघाले. त्यावर लेखिकेचे नाव नव्हते आणि पुढे पंचवीसहून अधिक वर्षे ते नव्हतेच. पुस्तकात मिसेस बी. या शिक्षिका आणि एमिली व कॅरोलिन या दोन मुली यांचे संवाद आहेत. एमिली विचारी आहे. कॅरोलिन उतावळी आहे. तिला स्फोट आणि ज्वाळा हव्या असतात. वाचकाच्या मनातली शंका या दोघींपैकी कोणीतरी विचारतेच.

त्याच १८०५ साली मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा चौदाव्या वर्षी रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे पुस्तकबांधणीची उमेदवारी करू लागला. त्याचे शिक्षण लिहिणे, वाचणे आणि हिशेब यांपलीकडे फारसे गेले नव्हते. बांधणीला आलेली पुस्तके तो वाची. ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’मधून त्याला विजेची ओळख झाली, तर मार्सेटबाईंच्या पुस्तकातून रसायनशास्त्राची.

१८५८ मध्ये मार्सेटबाई वारल्या. तेव्हा एका शास्त्रज्ञ मित्राला लिहिलेल्या पत्रात फॅरडेने याविषयी सांगितले आहे. आपण काही असामान्य बुद्धीचे नव्हतो. उलट कल्पनाशक्ती इतकी तल्लख होती की, अरबी सुरस कथांवरही ज्ञानकोशाइतकाच सहज विश्वास बसला असता, असे तो म्हणतो. पण वस्तुस्थितीला तो फार जपे. पुस्तकातील विधाने त्याने परवडतील अशा लहानसहान प्रयोगांनी तपासली, ती खरी निघाली आणि मगच त्याचा पुस्तकावर भरवसा बसला.

गंमत अशी की, या पुस्तकात सारेच बरोबर होते असे नाही. त्या काळच्या समजुतीप्रमाणे उष्णता हे त्यात एक मूलद्रव्यच मानले होते. ती कल्पना पुढे बाद झाली. डेव्ही यांनी १८०७ मध्ये पोटॅशियम आणि सोडियम वेगळे केले, तर १८१० मध्ये क्लोरीन हे मूलद्रव्य असल्याचे दाखवले. मार्सेटबाई दर आवृत्तीत अशा नव्या शोधांची भर घालीत गेल्या. सिद्धान्त बदलले, तरी करून पाहता येणारे प्रयोग टिकले.

१८१२ मध्ये फॅरडेने डेव्ही यांची व्याख्याने ऐकली, त्यांची टिपणे स्वतः बांधून त्यांच्याकडे पाठवली आणि १८१३ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत साहाय्यकाची नोकरी मिळवली. १८३१ मध्ये त्याने विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. पुढे आपले शोधनिबंध तो मार्सेटबाईंना पाठवीत असे. त्याच इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून नाताळात मुलांसाठी व्याख्याने होऊ लागली. १८२७ ते १८६० या काळात फॅरडेने त्यांच्या एकोणीस माला गुंफल्या. शेवटची माला साध्या मेणबत्तीवर होती.

त्यातील एक प्रयोग आपल्याही वर्गात होऊ शकतो. मेणबत्ती हळूच विझवा आणि वातीवरून निघणाऱ्या पांढुरक्या धुराच्या रेषेला, वातीला न टेकवता, जळती काडी लावा. ज्योत धुरावरून खाली उतरून वात पुन्हा पेटवते. जळते ती मेणाची वाफ, हे सांगण्याआधी मुलांना विचारा. उत्तर चुकले तरी बिघडत नाही. ते तपासायला मेणबत्ती समोरच आहे. सोपे करताना भाषा हलकी करावी, उदाहरणे घरातली घ्यावीत, पण ऐकणाऱ्याचा पडताळा घेण्याचा हक्क मात्र गाळू नये.