मुसीचा महापूर, १९०८ : शहर बुडाले, पण बांध गावोगावचे फुटले होते

१/ परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पिंगळी हे गाव लागते. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पिंगळीचे पाणी गोदावरीला मिळते, तर त्या संस्थानाची राजधानी कृष्णेच्या खोऱ्यातील मुसीकाठी वसलेली. खोरी वेगळी, तरीही राजधानीवर कोसळलेल्या एका पुराची कथा पिंगळीसारख्या गावांनी मुद्दाम जाणून घ्यावी अशी आहे.

२/ २८ सप्टेंबर १९०८. मुसीच्या पाणलोट क्षेत्रात अतिवृष्टी झाली. शमशाबाद येथे २४ तासांत १२.८ इंच पाऊस पडला. नदी शहरात शिरली, अफझल पूल वाहून गेला, हजारो घरे कोसळली. मृतांचा आकडा सुमारे १५,००० असावा असे मानले जाते. अफझलगंजच्या रुग्णालयाच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर सुमारे १५० जणांनी आश्रय घेतला आणि ते वाचले.

३/ संस्थानाने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. मुंबई सरकारच्या सेवेतून नुकतेच निवृत्त झालेले हे अभियंते पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेले होते. खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी बसवलेल्या स्वयंचलित दरवाजांमुळे भिंतीची उंची न वाढवता जलाशयातील साठा वाढला होता.

४/ १९०९ मध्ये हैदराबादेत आल्यावर त्यांनी केवळ शहरातील नदीपात्र तपासले नाही. ते वरच्या अंगाला गेले. मुसीच्या ८६२ चौरस मैलांच्या खोऱ्यात त्यांना ७८८ तलाव आढळले. त्यांपैकी २२१ तलाव त्या पुरात फुटले होते.

५/ मातीच्या बांधाचा शत्रू म्हणजे त्याच्या माथ्यावरून वाहणारे पाणी. सांडवा अपुरा पडला की पाणी बांधावरून उसळते, माती कुरतडते आणि बांध फुटतो. त्याचा लोंढा खालच्या तलावावर आदळतो आणि तोही जातो. शेतीला जगवणारे तलाव अशा वेळी पुराचे बळ वाढवतात. राजधानीचे भवितव्य त्या दिवशी दूरच्या खेड्यांतील सांडव्यांवर अवलंबून होते.

६/ म्हणून विश्वेश्वरय्यांच्या योजनेचे मर्म असे : पूर शहराच्या वेशीवर नव्हे, त्याच्या वर अडवावा. मुसी आणि ईसी या दोन नद्यांवर मोठे जलाशय बांधावेत, पुराचे पाणी तेथे थोपवावे आणि मागाहून नदीला झेपेल एवढेच सोडावे. शहरात नदीचे काठ बांधून काढून तेथे उद्याने व रस्ते करावेत. पुढे मुसीवर उस्मानसागर (१९२०) आणि ईसीवर हिमायतसागर (१९२७) उभे राहिले.

७/ या उपायातच एक पेच दडलेला आहे. पूर सामावून घ्यायचा तर जलाशयात जागा रिकामी हवी; शहराची तहान भागवायची तर तो भरलेला हवा. दोन्ही जलाशय हैदराबादला पाणीही पुरवू लागले. पावसाळ्याच्या अखेरीस, म्हणजे १९०८ चा पूर आला त्याच सुमारास, काठोकाठ भरलेला जलाशय पुरापुढे दुबळाच ठरतो.

८/ बांधांची ही साखळी महाराष्ट्रानेही तुटताना पाहिली. १२ जुलै १९६१ च्या सकाळी, जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचूनही, पानशेतचे नवे धरण फुटले. त्याचा लोंढा खडकवासल्यावर आला आणि ते जुने धरणही त्याच दिवशी फुटले. मुठेचे पाणी पुण्याच्या पेठांत शिरले. ज्या धरणावर आपण दरवाजे बसवले, त्याचा हा शेवट झाला तेव्हा विश्वेश्वरय्या हयात होते. त्यांच्या वयाला शंभर वर्षे पूर्ण झाली होती.

९/ ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबादेत पुन्हा अतिवृष्टी झाली आणि पुन्हा तलावांचे बांध फुटले. तोवर अनेक तलावांच्या पोटात आणि ओढ्यांच्या वाटेत घरे उभी राहिली होती. पाण्याला जुनी वाट आठवली. माणसांना आठवली नव्हती.

१०/ शहराचे पूररक्षण म्हटले की भिंती, गटारे आणि पंप डोळ्यांपुढे येतात. विश्वेश्वरय्यांनी मात्र आधी तलाव मोजले. परभणीसारखे शहर वाढत असताना विचारायचे प्रश्नही तेच राहतात : वरच्या गावातील तलावाचा सांडवा मोकळा आहे का? बांधावर झाडे उगवून मुळांनी तो पोखरला आहे का? ओढ्याचे पात्र सातबाऱ्यावर आहे तेवढेच जमिनीवर उरले आहे का? या प्रश्नांची उत्तरे उन्हाळ्यात, कोरड्या पात्रात उभे राहून शोधावी लागतात.