मिठाच्या गावी

ऑस्ट्रियातील हालश्टाटला मी ऐन उन्हाळ्यात एका दिवसापुरता गेलो होतो. स्टेशन सरोवराच्या एका काठाला, गाव दुसऱ्या. मधले पाणी लाँचने ओलांडायचे. समोर डोंगराला बिलगलेली घरे, खिडक्याखिडक्यांतून फुले. चित्रातलेच गाव!

पण हे गाव जगले ते मिठावर. वरच्या डोंगरात मिठाची खाण आहे आणि तीन हजारांहून अधिक वर्षे माणसे तिथे राबत आली. १८४६ साली रामसाउअर या खाणीवरच्या अधिकाऱ्याला जवळच प्राचीन थडगी लागली. १८६३ पर्यंत त्याने ९८० उकरली. युरोपातल्या आरंभीच्या लोहयुगाला विद्वानांनी या चिमुकल्या गावाचेच नाव दिले.

मला मात्र १७३४ साली खाणीत सापडलेला तो प्राचीन मजूर अधिक आठवतो. मिठाने त्याचा देह शतकानुशतके टिकवला होता. लोकांनी तो बाहेर काढून पुरून टाकला. मिठाने जपले ते मातीने नेले. नाव तर कोणालाच ठाऊक नव्हते.

आपल्या माणसांची नावे मात्र गावाने पुसू दिली नाहीत. डोंगर आणि पाणी यांच्या चिमटीत स्मशानाला जागा ती किती? म्हणून काही वर्षांनी थडगे उघडायचे, कवटी उन्हात पांढरी करायची, तिच्यावर नाव अन् पानाफुलांची माळ रंगवायची आणि देवळाजवळच्या कोठीत मांडायची. दिवाळीत हे काय काढले, म्हणाल. पण पाहताना भीती मुळीच वाटत नाही. सुमारे १२०० कवट्या आहेत, निम्म्याअधिक रंगवलेल्या. १९९५ साली आलेली एका बाईची. तिचा सोन्याचा दात अजून दिसतो.