न्यायालयाची स्मृती : फ्रँकफुर्ट खटल्याच्या ध्वनिफिती



इतिहास कागदावर राहतो, असे आपण धरून चालतो. बखरी, सनदा, दप्तरे, सरकारी फायली यांच्यावरून इतिहासकार आपले मत बनवितो. पण कागद लिहिणारा आणि कागद सांभाळणारा हा बहुधा सत्तेच्या बाजूचा असतो. गिरणीच्या हजेरीपटावर कामगाराचे नाव असते, खाडे असतात, दंड असतो. त्याचे म्हणणे तेवढे नसते. माझे आयुष्य कामगार संघटनेत गेले. खात्यांतर्गत चौकशीत एक अनुभव पुन्हा पुन्हा येतो. कामगार पंधरा मिनिटे बोलतो आणि चौकशी अधिकारी त्याच्या दोन ओळी लिहून घेतो. त्या दोन ओळी खोट्या असतात असे नव्हे. पण माणूस जे बोलला ते त्यांत उरलेले नसते.

म्हणून बोललेला शब्द जसाच्या तसा धरून ठेवणाऱ्या साधनाविषयी मला आस्था आहे. हे साधन म्हणजे ध्वनिफीत. आपण तिला स्पूलची टेप म्हणत आलो. जुन्या टेपांवरील आवाज डिजिटल स्वरूपात उतरवून घेण्याचे काम आज जगभर चालू आहे. ते यंत्रज्ञांचे काम आहे हे खरे. परंतु कोणता आवाज उतरवावयाचा, तो कोणी सांभाळावयाचा आणि कोणाला ऐकू द्यावयाचा, हे प्रश्न यंत्राचे नाहीत. ते समाजाचे आहेत. एका खटल्याच्या इतिहासावरून हे स्पष्ट होईल.

प्रथम टेपेच्या जन्माकडे पाहू. 1928 साली फ्रिट्झ फ्लॉयमर या संशोधकाने कागदाच्या पट्टीवर लोहचूर्णाचा थर देऊन तिच्यावर ध्वनी मुद्रित करण्याचे पेटंट जर्मनीत घेतले. पुढे यंत्र बांधण्याचे काम ए.ई.जी. या कंपनीने आणि फीत बनविण्याचे काम लुडविग्सहाफेन येथील बी.ए.एस.एफ.च्या कारखान्याने हाती घेतले. 1934 साली या कारखान्याने 50,000 मीटर फीत तयार करून दिली, आणि 1935 च्या बर्लिन येथील रेडिओ प्रदर्शनात ‘मॅग्नेटोफोन’ लोकांपुढे आला. त्याचे तत्त्व सोपे आहे. आवाजाची वीज होते, विजेचे चुंबकत्व होते, आणि ते चुंबकत्व फितीवरील लोहकणांत राहून जाते. फीत पुन्हा यंत्राच्या हेडवरून गेली की हाच क्रम उलटा घडतो व आवाज परत मिळतो.

लुडविग्सहाफेनचा हा कारखाना त्या वेळी आय. जी. फारबेन या प्रचंड रासायनिक संघाचा भाग होता. 1941 पासून याच संघाने ऑश्विट्झजवळ मोनोविट्झ येथे कृत्रिम रबराचा कारखाना उभारण्यास घेतला आणि त्यासाठी छळछावणीतील कैदी राबविले. कैद्याच्या दिवसाचा आकार कंपनी एस.एस.ला देई, कैद्याला मजुरी म्हणून काही मिळत नसे. माणूस काम करण्याजोगा राहिला नाही की त्याची रवानगी बिर्केनौच्या वायुकोठडीकडे होई. तेथे वेल्डर म्हणून राबलेल्या नॉर्बर्ट वोल्हाइम यांनी 1951 साली फ्रँकफुर्टच्या न्यायालयात कंपनीवर दावा लावला, आणि 1953 साली न्यायालयाने त्यांना 10,000 मार्क देवविले. ज्या उद्योगाने आवाज जपण्याचे साधन दिले, त्यानेच हजारो माणसांचा आवाज कायमचा बंद करण्यास हातभार लावला, ही गोष्ट पुढचे ऐकताना ध्यानात ठेवावी.

20 डिसेंबर 1963 रोजी फ्रँकफुर्टमध्ये ऑश्विट्झचा खटला उभा राहिला. तो उभा राहण्यामागे हेसेन राज्याचे महाभियोक्ता फ्रिट्झ बाउअर यांची चिकाटी होती. बाउअर स्वतः नाझींच्या कैदेत राहिलेले आणि देशोधडीला लागलेले गृहस्थ होते. आरंभी आरोपी 22 होते. सुनावणी प्रथम नगरभवनात झाली व एप्रिल 1964 पासून गालुस या वस्तीतील नव्या सभागृहात चालली. ऑगस्ट 1965 मध्ये निकाल लागला, त्या वेळी राहिलेल्या 20 आरोपींपैकी 17 जणांना शिक्षा झाली व तिघे सुटले.

आता मुद्द्याची गोष्ट अशी की, अशा खटल्यात साक्षीचा शब्दशः उतारा घेण्याची जर्मन न्यायालयाची पद्धत नव्हती. न्यायाधीश आपापली टिपणे करीत, तेवढेच. पण येथे साक्षीदार शेकड्यांनी मोजावे इतके, आणि खटला दीड वर्षाहून अधिक चाललेला. तेव्हा साक्षी टेपवर घेण्याचे ठरले. कारण काय दिले? “न्यायालयाच्या स्मृतीस साह्य व्हावे म्हणून.” न्यायाधीश साक्षीदाराला विचारीत, या कारणासाठी आपले बोलणे टेपवर घेतले तर चालेल काय? साक्षीदार होकार देई आणि बोलू लागे. इतिहासासाठी ध्वनिमुद्रण करावे असा विचार त्यामागे नव्हता. उलट, काम संपले की टेपा पुसून टाकावयाच्या असेच ठरलेले होते.

त्या पुसल्या गेल्या नाहीत याचे श्रेय बऱ्याच अंशी हेर्मान लांगबाइन यांना आहे. लांगबाइन स्वतः ऑश्विट्झचे कैदी होते. सुटल्यावर त्यांनी वाचलेल्या कैद्यांची संघटना बांधण्यात आणि साक्षीदार शोधून काढण्यात आयुष्य घातले. टेपा नष्ट करू नयेत म्हणून त्यांनी हेसेनच्या न्यायमंत्र्यांकडे शब्द टाकला आणि तो मानला गेला. माझ्यासारख्या कार्यकर्त्याला यातले मर्म चटकन कळते. योग्य दाराशी योग्य वेळी एक माणूस अर्ज घेऊन उभा राहिला, एवढ्यावर हे सारे वाचले. तो अर्ज निकाल लागून गेल्यावर काही वर्षांनी आला असता तर त्याचा उपयोग नव्हता.

या टेपा 103 आहेत. त्यांवर 319 साक्षीदारांचे आवाज आहेत; त्यांपैकी 181 जण ऑश्विट्झमधून वाचलेले. मुद्रण एकूण 430 तासांचे आहे. हिशेब केला तर एका टेपेवर सरासरी चार तासांहून अधिक बोलणे येते. अशा मुद्रणात रेघा दाटीने बसतात, आणि वाजविताना हेडचा कोन केसभर चुकला तरी उच्चार पुसट होतात.

येथे उतरवून घेण्याच्या कामाचे स्वरूप थोडे समजून घेतले पाहिजे. आपण यंत्राला टेप लावली, तार जोडली की झाले, इतके ते सोपे नाही. फीत म्हणजे प्लास्टिकची पट्टी, तिच्यावर चुंबकीय कणांचा थर, आणि तो थर धरून ठेवणारा चिकट पदार्थ. जुन्या ॲसिटेटच्या फिती कोरड्या पडून मोडतात व त्यांना व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागतो. 1970 नंतरच्या काही फितींचा चिकट पदार्थ हवेतील दमटपणा शोषून पाघळतो. फीत हेडला चिकटते आणि थर खरवडून निघतो. अशी फीत सुमारे 50 ते 55 अंश सेल्सिअसच्या मंद उबेत कित्येक तास ठेवली की काही काळापुरती वाजविण्याजोगी होते. परंतु हाच उपाय ॲसिटेटच्या फितीला केला तर ती बिघडते. म्हणून फीत कोणत्या जातीची आहे हे ओळखणे ही पहिली पायरी. मग जुने जोड पाहावयाचे, वेग ठरवावयाचा, हेड साफ करून त्याचा कोन जुळवावयाचा, आणि नंतर फीत तिच्या मूळ वेगाने वाजवावयाची. घाई येथे चालत नाही. 430 तासांचे मुद्रण नुसते एकदा वाजवावयाचे तर आठ तासांच्या जवळजवळ 54 पाळ्या लागतात.

वाजणारा आवाज संगणक आकड्यांत मोजून ठेवतो. अभिलेखागारे दर सेकंदाला 48,000 किंवा 96,000 वेळा मोजणी करतात. 96,000 च्या हिशेबाने एका तासास सुमारे एक गिगाबाइट जागा लागते. म्हणजे साऱ्या 103 टेपा आज खिशात मावणाऱ्या डिस्कवर राहतील. टेपेची नक्कल टेपेवर केली की दर पिढीला खरखर वाढत जाते. आकड्यांची नक्कल मात्र हुबेहूब होते. पण डिस्कही नाशवंत आहे. म्हणून नकला एकाहून अधिक, वेगवेगळ्या ठिकाणी, आणि ठराविक वर्षांनी नव्याने कराव्या लागतात. पिढीने पिढीच्या हाती द्यावयाचा हा ठेवा आहे.

फ्रँकफुर्टच्या टेपा 1989 साली वीसबाडेन येथील राज्य अभिलेखागारात गेल्या. फ्रिट्झ बाउअर यांच्या नावाने स्थापन झालेल्या संस्थेने त्यांचे लेखी उतारे तयार करण्याचे दीर्घ काम केले आणि 2004 साली ते डिजिटल तबकडीवर प्रसिद्ध झाले. 2013 पासून आवाजही इंटरनेटवर सर्वांना खुले झाले, आणि 2017 साली युनेस्कोने खटल्याच्या कागदपत्रांसह या टेपांची ‘जगाची स्मृती’ या सूचीत नोंद केली. ही संस्था आज जेथे आहे ती फ्रँकफुर्टमधील इमारत एके काळी आय. जी. फारबेनचे मुख्य कार्यालय होते.

कोणी म्हणेल, लेखी उतारे आहेत, मग आवाजाचे एवढे काय? त्या काळी खटल्याची हकीकत लोकांना बव्हंशी वर्तमानपत्री वृत्तांतांतून कळली. बेर्न्ड नाउमान यांचे वृत्तांत तर मोठे मोलाचे होते. पण साक्षीदार कोठे थांबला, कोणत्या नावाशी त्याचा आवाज फुटला, परक्या भाषेत बोलताना तो कसा शब्द चाचपडत राहिला, हे वृत्तांतात येत नाही. साक्षीचे वजन शब्दांत असते तसे शांततेतही असते. शांतता लिहिता येत नाही. ती ऐकावी लागते.

आता आपल्याकडे पाहू. युनेस्को आणि ध्वनी-अभिलेखागारांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी 2019 साली टेपांविषयी इशारा देण्याचे काम हाती घेतले, तेव्हा नित्याच्या पद्धतीने टेपा वाजविता येण्याची मर्यादा 2025 च्या सुमारास संपेल असा जाणकारांचा अंदाज होता. त्या सीमेपर्यंत आपण येऊन ठेपलो आहोत. फिती अजून टिकून असतील. पण त्या वाजविणारी यंत्रे, त्यांचे सुटे भाग आणि ती दुरुस्त करणारे कारागीर दिवसेंदिवस दुर्मिळ होत आहेत. आपल्या गावोगावच्या वाचनालयांत, संघटनांच्या कचेऱ्यांत, जुन्या कार्यकर्त्यांच्या माळ्यांवर सभांच्या, व्याख्यानांच्या, संपकाळातील भाषणांच्या टेपा पडलेल्या असण्याचा पुष्कळ संभव आहे. पावसाळ्याचा दमटपणा त्यांना मानवत नाही.

तेव्हा माझी विनंती साधी आहे. घरी किंवा संस्थेत अशी टेप आढळल्यास ती हौसेने कोणत्याही यंत्रावर लावून पाहू नका. खराब यंत्र ती कायमची नष्ट करील. डब्यावर जे लिहिलेले असेल ते उतरवून घ्या. त्यात कोणाचा आवाज आहे हे सांगू शकणारी वडीलधारी माणसे आहेत तोवर त्यांना विचारून टिपून ठेवा, कारण ओळख नसलेला आवाज वाचविला तरी मुका राहतो. टेप कोरड्या जागी उभी ठेवा आणि जाणकाराच्या हाती द्या. उतरविण्याचा खर्च एकट्याला झेपणारा नसेल तर वर्गणी काढा. संपाच्या काळात धान्यासाठी वर्गणी काढणाऱ्यांना हे काम अवघड नाही.

लांगबाइन यांनी वेळेवर अर्ज केला म्हणून 319 माणसे आज बोलत आहेत. आपल्या माळ्यावरच्या टेपांसाठी असा अर्ज करणारा माणूस या सभागृहातूनच निघाला पाहिजे.