दिवा आला आणि दिवस लांबला

गेल्या महिन्यात एका श्रोत्यांचा व्हॉइस मेसेज आला होता. घरात वॉशिंग मशीन आहे, मिक्सर आहे, गीझर आहे, भाजी दारात येते, तरी संध्याकाळी नवराबायको दोघंही मेल्यासारखे पडलेले असतो, असं का? प्रश्न माझ्या अगदी जवळचा आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि महिन्यातला एक आठवडा माझा ऑन-कॉल असतो. म्हणजे रात्री तीन वाजता सर्व्हर पडला तर फोन माझा वाजतो. दिवसभर एसीत खुर्चीवर बसणारा माणूस 'दमलो' म्हणतो, हे आमच्या घरी कुणाला पटत नाही.

झोप, स्क्रीन, व्हिटॅमिन डी ही उत्तरं डॉक्टरांनी द्यावीत. मी इतिहासातली एक गोष्ट सांगतो, मुंबईतल्या गिरण्यांची.

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांची, ताडदेवला. कंपनी उभी राहिली १८५४ साली, सूत निघायला लागलं १८५६ पासून. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत गिरणगाव वसलं. कोकणातून, घाटावरून माणसं आली. आणि या गिरण्या कधी सुरू व्हायच्या, कधी बंद व्हायच्या? उजाडलं की सुरू, मावळलं की बंद. आत रात्री धागा दिसेल असा उजेडच नव्हता. त्यामुळे हिवाळ्यात दिवस भरायचा बारा तासांच्या आसपास, उन्हाळ्यात तो चौदाच्या जवळ जायचा. सुट्टी ठरलेली नाही. साचे पुसायला बंद ठेवायचे तेवढीच उसंत.

भयंकरच होतं हे. जुने दिवस किती शांत होते वगैरे मी अजिबात म्हणणार नाही. पण एक गोष्ट लक्षात ठेवा: सूर्य मावळला की मालकालाही काही करता येत नव्हतं.

आता नारायण मेघाजी लोखंडे. शाळेच्या पुस्तकात यांच्यावर एखादी ओळ असते, तीही परीक्षेपुरती. जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, 'दीनबंधू'चे संपादक. १८८४ साली सरकारचा कारखाना आयोग बसला, तेव्हा लोखंड्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज दिला. मागण्या काय होत्या ते ऐका. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, रविवारी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू आणि सूर्यास्ताला बंद. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत. अपघात झाला तर भरपाई.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा 'सूर्यास्ताला बंद' या शब्दांवर थांबलो. तसंही सूर्यास्ताला बंदच होत होतं ना? मग ते मागून का घ्यायचं? मला वाटतं, निसर्गाने घातलेली हद्द कागदावर नसेल तर ती टिकणार नाही, हे त्या माणसांना कळत असावं. हा माझा अंदाज आहे, पुरावा नाही.

रविवार मिळायला आणखी सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १८९० मध्ये, दहा हजार लोकांसमोर! १० जून १८९० ला गिरणी मालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. लोखंडे १८९७ च्या फेब्रुवारीत गेले, प्लेगने.

आणि मग गिरण्यांत वीज आली.

विजेचा दिवा म्हणजे सोयच की. धूर नाही, आगीची भीती कमी, डोळ्यांना ताण कमी. १९०५ च्या आसपास मालाला मागणी वाढली होती आणि दिवे लागलेल्या गिरण्या चौदा-पंधरा तास चालायला लागल्या. साचा तोच, कामगार तोच, उजेड उलट जास्त चांगला. फक्त संध्याकाळ नाहीशी झाली. त्याच वर्षी यावरून मुंबईत कामगारांनी संप केले. आपण दिवाळीत ज्याची आरास करतो त्या दिव्यापायी माणसं काम बंद करून रस्त्यावर आली होती.

त्या संध्याकाळीत काय होतं? दहा बाय दहाच्या खोलीत सात-आठ माणसं, खानावळीतलं जेवण, नळावरची रांग. ऐशआराम नव्हताच. पण भजन होतं, आखाडा होता, गावाहून आलेलं पत्र कुणाकडून तरी वाचून घेणं होतं. बाईला तर गिरणीतून सुटल्यावर दुसरी पाळी घरी होती, चुलीपुढे. तिचा तास गेला म्हणजे झोपेतलाच गेला.

प्रत्येक सोय अशीच वागते असंही नाही. अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांचं १९८३ चं 'मोअर वर्क फॉर मदर' हे पुस्तक घरातल्या यंत्रांवर आहे. त्यांचं म्हणणं असं की यंत्रांनी पुरुषांची आणि मुलांची कामं आधी काढून घेतली, बाईची मात्र तेवढीच राहिली. आपल्याकडे उलटंही घडलं. जातं बायकांच्याच हातात होतं, म्हणून पिठाच्या गिरणीने पहाटेची झोप खरोखर परत दिली. म्हणजे यंत्र आलं की पहिला प्रश्न हाच विचारावा: वाचलेला तास कुणाच्या नावावर जमा झाला?

आमचं ऑफिस लोअर परळला आहे, जुन्या गिरणीच्या आवारात. चिमणी अजून उभी आहे, तिच्या खाली लोक सेल्फी काढतात. तिथे मी लॅपटॉप बंद करतो तेव्हा काम संपत नाही, ते खिशात घालून लोकलमध्ये चढतो. पूर्वी ऑफिसचा कॉम्प्युटर ऑफिसातच राहायचा. कुणी मोठ्या मनाने संध्याकाळ दिली होती असं नाही, तो उचलून नेता येत नव्हता एवढंच. वजन कमी झालं आणि हद्द गेली.

गिरणी कामगारांनी दिवे काढा म्हटलं नाही, त्यांनी तास मागितले. १९०८ च्या कारखाना कामगार आयोगाने प्रौढ पुरुषांच्या तासांवर थेट मर्यादा नको असंच सुचवलं होतं. सभासदांपैकी डॉ. टी. एम. नायर यांनी वेगळं मत लिहून दिलं की मर्यादा हवीच. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत पुरुषांसाठी दिवसाला बारा तासांची मर्यादा आली. १९२२ मध्ये ती अकरावर आणि आठवड्याला साठवर आली. १९४८ चा कायदा येईपर्यंत दिवसाचे नऊ आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस झाले होते.

मधला १९२० चा संप आज राहिला. तो पुढच्या भागात. ऑन-कॉल नसलेल्या आठवड्यात रेकॉर्ड करतो.