दोरोकाठचा द्राक्षमळा

जबलपूरच्या राइट टाउनमधून निघून भेडाघाटी नावेत बसलेल्या माणसाला पोर्तुगालच्या दोरो नदीची कल्पना चटकन यावी. तीही उंच कड्यांच्या घळीतून वाहते. मात्र तेथील कडे ग्रॅनाइटचे आहेत, आणि खोऱ्यातील पाटीच्या दगडासारख्या पापुद्री खडकात पायऱ्या खोदून द्राक्षवेली लावलेल्या आहेत. गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज अंमल असल्याने ‘पोर्ट’ हे मद्यनाम मराठी कानांस परके नाही. त्याचे माहेर हे खोरे होय.

१७५६ मध्ये पोंबाल या मंत्र्याने भेसळीस आळा घालण्यासाठी या प्रदेशाची हद्द आखून दिली. पोर्टमध्ये आंबणे पुरे होण्याआधीच ब्रँडी घालतात. द्राक्षाची साखर त्यामुळे शिल्लक राहते आणि मद्य गोड व कडक होते. इंग्रज गिऱ्हाइकाला तेच हवे होते. जोसेफ फॉरेस्टर या इंग्रज व्यापाऱ्याने मात्र ब्रँडी घालूच नये असा आग्रह धरला. त्याचे कोणी ऐकले नाही.

याच काळात अंतोनिया फेरेइरा ही बाई १८४४ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, विधवा झाली आणि घरच्या मळ्यांचा कारभार तिने हाती घेतला. १८६१ मध्ये वालेइराच्या धारेत नाव उलटून फॉरेस्टर बुडाला. त्याच नावेत अंतोनियाबाईही होत्या. त्यांच्या घेरदार झग्यात हवा भरल्याने त्या तरंगल्या आणि फॉरेस्टरला कमरेच्या पैशांच्या पट्ट्याने तळाशी ओढले, असे लोक सांगतात. आख्यायिका जराशी फारच नीटस आहे. बुडणे मात्र खरे.

पुढे फिलोक्सेरा ही मुळांचा रस शोषणारी कीड आली. मळे वाळले, कुटुंबे गाव सोडू लागली. अमेरिकन वेलीच्या खुंटावर देशी वेलीचे कलम करणे हाच उपाय उरला. अशा पडत्या काळात, १८७७ मध्ये, सहासष्टाव्या वर्षी बाईंनी सुमारे तीनशे हेक्टर पडीक जमीन विकत घेतली. तो वाले मेआंवचा मळा. सर्व वेली फळास येईतो बाईंच्या आयुष्याची अखेर आली. १८९६ मध्ये त्या वारल्या.

फॉरेस्टरचा हट्ट पुरा झाला तो या मळ्यात. १९५२ मध्ये फेरेइरा पेढीचे मद्यपारखी फेर्नांदो निकोलाऊ द अल्मेइदा यांनी ब्रँडीविना भरदार तांबडे मद्य केले. वाले मेआंवची द्राक्षे दाट रंगाची, तुरट. त्यांना उंचावरील मेदा भागाच्या आंबटसर द्राक्षांची जोड दिली, कारण आम्लाशिवाय असले मद्य वर्षानुवर्षे टिकत नाही. उन्हाळ्याच्या उकाड्यात रस अति तापू नये म्हणून ट्रकांतून बर्फ आणावा लागे. ‘बार्का व्हेल्या’ हे त्या मद्याचे नाव. निवडक सालांचेच ते विक्रीस निघते.

१९८७ मध्ये पेढी दुसऱ्या कंपनीकडे गेली, पण मळा वंशजांकडेच राहिला. ओलाझाबाल या त्यांच्या शाखेने १९९९ च्या हंगामापासून बाहेर द्राक्षे देणे थांबवले. तोरिगा नासिओनाल या बारीक, जाड सालीच्या द्राक्षाला इतर देशी जातींची जोड देऊन तेथील तांबडे मद्य आता मळ्याच्याच नावाने बाटलीत भरले जाते.