संक्रांत, घरगुती

पौषातील थंडीत महाराष्ट्रात घरोघरी साजरा होणारा सण. सूर्याचा मकर राशीत प्रवेश 14 किंवा 15 जानेवारीस होतो. आदला दिवस भोगी, दुसरा किंक्रांत; हळदीकुंकू मात्र रथसप्तमीपर्यंत चालते.

भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, मुगाची खिचडी आणि मिसळीची भाजी करतात. भाजीत वांगी, गाजर, पावटे, हरभऱ्याचे सोलाणे, बोरे व तिळाचे कूट पडते. संक्रांतीला सुगडांत ऊस, बोरे, हरभरा, गाजर, गव्हाच्या ओंब्या व तिळगूळ भरून पूजा होते. जेवणात गुळाची पोळी व तूप असते. तीळ आणि गूळ उष्ण मानले जातात. काळे कपडेही ऊब धरतात, म्हणून एरवी सणाला टाळला जाणारा हा रंग या दिवशी आवर्जून वापरतात.

हलवा हे चिकाटीचे काम. मंद शेगडीवरच्या परातीत तीळ किंवा खसखस घेऊन त्यावर चमच्याने थोडा थोडा साखरेचा पाक सोडतात व बोटांनी सतत फिरवतात. हळूहळू दाण्यांवर पांढरे काटे उमलतात. त्याचे दागिने नववधूला व बाळाला घालतात. बोरन्हाणात पाटावर बसलेल्या लहान मुलाच्या डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे व हलवा ओततात; जमलेली मुले ते वेचतात.

‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ म्हणत धाकटे थोरांच्या पाया पडतात. दुरावलेले शेजारी या निमित्ताने पुन्हा उंबरा ओलांडतात. सणाचे खरे मोल तेथेच आहे.